इटली : जिथलं तिथे बघायचं, जिथलं तिथे खायचं

निळाई

मास्टर्ससाठी सध्या पादोवाला राहते आहे. इथे यायच्या आधी इटलीबद्दल मराठीत जे सापडेल ते वाचून काढलं होतं. त्यातलं बरंचसं आठ-दहा दिवसांत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसा करून येणाऱ्या सहलींबद्दल होतं. विद्यार्थ्याचं गणित निराळं असतं. पैसे बेताचे, पण अधूनमधून एखादा शनिवार मोकळा मिळतो आणि साध्या रेल्वेगाड्या परवडतात. त्यामुळे एका वेळी एकच गाव, त्या गावात दोन-तीनच गोष्टी, पण मन भरेपर्यंत, अशी सवय लागली.

या फिरण्यातून एक मत पक्कं झालं आहे. इथली कितीतरी थोर चित्रं आजही ज्या भिंतीसाठी काढली त्याच भिंतीवर आहेत. आणि कितीतरी पदार्थ असे, की त्यांच्या गावाची वेस ओलांडली की चव उतरते. म्हणून शक्य असेल तिथे चित्र त्याच्या जागी बघावं आणि पदार्थ त्याच्या गावात खावा.

सुरुवात पादोवापासूनच करते. इथल्या स्क्रोवेन्यी चॅपलच्या भिंती जोत्तोने १३०३ ते १३०५ च्या सुमारास रंगवल्या. चॅपल बांधणारा एन्रिको स्क्रोवेन्यी श्रीमंत घरातला. त्याचा बाप रेजिनाल्दो सावकारीसाठी इतका बदनाम, की कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला थेट नरकात बसवला. बापाचं पाप धुवायला मुलाने चॅपल बांधलं असं परंपरेने सांगतात. दारावरच्या भिंतीवर अंतिम निवाड्याचं चित्र आहे. त्यात गुडघे टेकून चॅपलची छोटी प्रतिकृती अर्पण करणारा एन्रिको स्वतः दिसतो.

तिकीट आधी काढावं लागतं. आत सोडण्यापूर्वी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, म्हणजे बाहेरचा दमटपणा आणि धूळ आत जात नाही. मग साधारण पंधरा-वीस मिनिटं चॅपल तुमचं. वर निळं छत, त्यावर सोनेरी तारे. भिंतींवर एकाखाली एक ओळींत मेरी आणि येशूची कथा. तेवढ्या वेळात सगळं बघायचा प्रयत्न करू नका. मी पहिल्यांदा येणाऱ्याला एकच चित्र दाखवते : येशूचा देह मांडीवर घेऊन बसलेली मेरी आणि भोवती जमलेली माणसं. आकाशातले देवदूत हंबरडा फोडतायत, आणि अगदी पुढे दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्यात. त्यांचे चेहरे दिसतच नाहीत. नुसत्या वाकलेल्या पाठीवरून त्यांच्यावर काय कोसळलंय ते समजतं. सातशे वर्षांपूर्वी हे सुचणं मला फार मोठं वाटतं.

चॅपलला लागूनच एरेमितानी चर्च आहे. मान्तेन्याने तरुणपणी रंगवलेलं ओवेतारी चॅपल त्यात होतं. ११ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते जवळजवळ सगळं गेलं. जे तुकडे सापडले ते आता जुन्या फोटोंच्या आधारे भिंतीवर आपापल्या जागी बसवले आहेत. जोत्तो बघून झाला की इथे जरूर या. काही पावलांच्या अंतराने काय वाचलं आणि काय गेलं ते कळतं.

मग जेवण. पालात्झो देल्ला राजोने ही मध्ययुगीन न्यायालयाची अवाढव्य इमारत. वर एकच एक प्रचंड दालन, खाली आजही भरणारा बाजार, चीजची, मांसाची, ताज्या पास्त्याची दुकानं. दोन्ही बाजूंच्या चौकांत सकाळी भाजीवाले बसतात. हिवाळ्यात त्रेव्हिझोचा लालबुंद रादिक्क्यो, एक पालेभाजी, येतो. तो थोडा कडू असतो, पण ऑलिव्ह तेलावर परतून रिझोत्तोत, म्हणजे इथल्या मऊ भातात, घातला की त्या कडवटपणाचीच चटक लागते. इथला पास्ता म्हणजे बिगोली, स्पॅगेटीहून जाड आणि खरखरीत. त्यावर बहुतेक ठिकाणी बदकाचा रस्सा असतो.

बोलोन्यात दोनच गोष्टी सांगते. पहिली सान्ता मारिया देल्ला व्हीता चर्चमधली. निक्कोलो देल्लार्का या शिल्पकाराचा पंधराव्या शतकातला टेराकोटाचा समूह : येशूच्या मृतदेहाभोवती उभी माणसं. त्यातल्या एका स्त्रीचं वस्त्र धावत आल्यामुळे मागे उडतंय आणि तोंड किंकाळीने उघडलेलं आहे. माती इतकी ओरडू शकते हे मला तिथे कळलं. दुसरी गोष्ट ताल्यातेल्ले. जगभर ज्याला 'बोलोनेझ' म्हणतात तो रागू, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, इथे स्पॅगेटीवर घालत नाहीत. अंडं घालून मळलेल्या पिठाच्या रुंद पट्ट्यांवर घालतात, कारण जाड रस्सा त्या पट्ट्यांना धरून राहतो. मांस न खाणाऱ्यांनी तोर्तेल्लोनी मागावेत : रिकोत्ता आणि पालक भरलेले, वर लोणी आणि सेजची पानं.

बोलोन्याहून साध्या गाडीने तासा-सव्वातासात राव्हेन्ना येतं. आत्तापर्यंत पाहिलेल्यांत मला सगळ्यात जास्त भावलेलं गाव हेच. गाल्ला प्लाचिदियाची समाधी म्हणतात ती वास्तू पाचव्या शतकातली. बाहेरून विटांची, बुटकी, कोणाचं लक्षही जाणार नाही अशी. आत गेलात की डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, आणि मग वरचं गडद निळं आकाश हळूहळू उजळतं. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या उजेड आत येऊ देणाऱ्या दगडाच्या पातळ फरश्या आहेत, त्यातून मधाच्या रंगाचा उजेड येतो. मोझेकचे काचेचे तुकडे मुद्दाम थोडे वाकडे बसवलेले असतात. त्यामुळे आपण पाऊल हलवलं की वेगळे तुकडे चमकतात, आणि म्हणूनच फोटोत त्यातलं काहीही येत नाही. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये (५४७) सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह समोरासमोर उभे आहेत. बाहेर आल्यावर पियादिना खावी. ही तव्यावर भाजलेली मैद्याची पातळ पोळी. तिच्यात स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, आंबूस चीज आणि रुकोला घालून दुमडतात. दुपारचं जेवण तेवढ्यात होतं.

फ्लोरेन्सबद्दल सगळे लिहितात, म्हणून एकच. सान मार्को मठात फ्रा अँजेलिकोने भिक्षूंच्या प्रत्येक खोलीत एक चित्र काढलं आहे. जिना चढून वर येताना समोरच 'अनन्सिएशन' येतं, म्हणजे देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते चित्र. खोल्या लहान, चुन्याच्या भिंती, एक छोटी खिडकी, एक चित्र. त्या एका माणसाने रोज त्याच चित्रासमोर प्रार्थना करायची, यासाठी ते काढलेलं. तिथे उभं राहिल्यावर चित्राला कुठली जागा दिली आहे याचं महत्त्व पटतं. फ्लोरेन्सचा पाव बिनमिठाचा असतो. नुसता खाल्लात तर आवडणार नाही. पण त्याच शिळ्या पावाचं रिबोल्लीता होतं : काळसर पानांची कोबी, पांढरा घेवडा, गाजर आणि पाव एकत्र शिजवून दाट केलेलं. थंडीत याहून चांगलं काही नाही.

आणि रोम. काराव्हाज्जोची काही चित्रं बघायला तिथे तिकीट लागत नाही, कारण ती चालत्या चर्चमध्ये आहेत. सान लुईजी दे फ्रान्चेझीत संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत. चॅपल अंधारात असतं. यंत्रात नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो. 'मॅथ्यूला बोलावणं' हे चित्र डाव्या भिंतीवर आहे आणि त्यातला उजेड उजवीकडून येतो, म्हणजे जिथे चॅपलची खरी खिडकी आहे त्याच बाजूने. हे चित्र कुठल्या संग्रहालयात नेऊन टांगलं तर ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येणार नाही. तिथून थोडं चालत सान्त आगोस्तीनोला जा. तिथल्या चित्रात मेरी दारात उभी आहे आणि समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसलेत. पुरुषाचे अनवाणी, मळके तळवे थेट आपल्याकडे आलेले. आळंदीहून चालत पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्याचे पाय ज्यांनी बघितले आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

नेपल्स राहिलं. विचारलंत तर लिहीन.

मुळाकाठ

वाचनखूण साठवली. राव्हेन्नाचं वर्णन फार आवडलं. आम्ही बोलोन्यापर्यंत गेलो होतो आणि तिथून परत फिरलो, आता चुटपुट लागली. साध्या गाड्यांचं तिकीट आधी काढावं लागतं का?

निळाई

नाही. 'रेजोनाले' गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आयत्या वेळी काढलं तरी तेवढंच. वेगवान गाड्यांचं मात्र उलटं, त्या जितक्या आधी काढाल तितक्या स्वस्त. एक लक्षात ठेवा : रेजोनालेचं कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.

वरणफळ

किती मन लावून लिहिलं आहेस गं! एप्रिलमध्ये आम्ही दोघं येतोय, मी आणि हे. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. पिझ्झा-पास्ता आहे म्हणजे काळजी नाही असं सगळे म्हणतात. पण चीजमध्ये वासराचं काहीतरी असतं असं ऐकलंय. खरं काय?

निळाई

काकू, खरं आहे. पार्मिजानो रेज्जानो नियमाने दूध, मीठ आणि वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट जमवणारं द्रव्य) यांपासूनच करतात. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट वापरतात. ग्राना पादानो, गॉर्गोन्झोला यांतही प्राणिज रेनेट असतं. कित्येक मराठी मुलं हे माहीत असून खातात, कित्येक खात नाहीत. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण माहीत असायला हवं असं मला वाटतं, कारण इथले वाढपी चीज शाकाहारीच समजतात.

तुम्हाला काय चालेल ते सांगते. पिझ्झा मारिनारा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज अजिबात नाही. नेपल्समध्ये तो मार्गारीताच्या बरोबरीचा मानतात, गरिबाचा पर्याय म्हणून नाही. फ्लोरेन्सचं पाप्पा अल पोमोदोरो, म्हणजे पाव आणि टोमॅटोचं दाट सूप. रिबोल्लीता घेताना मात्र मांसाच्या पाण्यात शिजवलं आहे का ते विचारा. जेनोव्हाकडे फारिनाता आणि पिसाकडे चेचिना मिळते : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या थाळ्यात भट्टीत भाजलेलं. तुम्ही ती रोज खाल. पुग्लियाकडे गेलात तर ओरेक्क्येत्ते, कोबीच्या जातीतल्या कडवट पानांबरोबर. त्यात अँचोव्ही मासे घालतात, नको म्हणून सांगायचं. सुका पास्ता बहुतेक बिनअंड्याचा असतो, ताजा पास्ता अंड्याचा, निदान उत्तरेत तरी.

'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही. मासे, हॅम, मांसाचं पाणी ही तिन्ही नावं घेऊन नको म्हणायचं.

तिकोना

लेख उत्तम, पण मूळ मुद्दा मला अर्धाच पटतो. फ्लोरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहालयातल्या एका दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांच्या सिंहासनावर बसलेल्या मेरी एकत्र ठेवल्या आहेत. तिघी वेगवेगळ्या चर्चमधून आलेल्या. त्या आपापल्या चर्चमध्येच राहिल्या असत्या तर माझ्यासारख्याला जोत्तोने नक्की काय बदललं ते आयुष्यात दिसलं नसतं. चिमाबुएची मेरी सोन्याच्या पडद्यावर तरंगते. जोत्तोची खरोखर बसली आहे, तिच्या गुडघ्यांचं वजन जाणवतं. हे दोन मिनिटांत समजलं, कारण त्या शेजारी-शेजारी होत्या. शिवाय चर्चमध्ये दमट हवा, मेणबत्त्यांचा धूर. १९६६ च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सच्या आर्नो नदीला पूर आला तेव्हा सान्ता क्रोचेतल्या चिमाबुएच्या क्रूसाची काय दशा झाली ते माहीत असेलच. आणि नोकरदार माणसाला आठवडाभराची रजा मिळते. त्याने कुठे गाव-गाव करत बसायचं?

निळाई

दादा, त्या तीन मेरींबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तुलना करायला संग्रहालयच हवं. वेदीवरचं चित्र लाकडी फळीवर असतं, ते हलवता येतं. माझा जीव भिंतीवरच्या चित्रांसाठी तुटतो, कारण ती भिंतीचाच भाग असतात. ओल्या चुन्यावर रंग लावला की तो चुन्याबरोबर वाळून भिंतीत मुरतो. त्या दिवशी जेवढं रंगवायचं तेवढाच ताजा गिलावा घालायचा. जोत्तोच्या भिंतीवर नीट बघितलं की एका दिवसाच्या कामाची कड कुठे संपते ते काही ठिकाणी दिसतंसुद्धा. अशी चित्रं सोडून फक्त संग्रहालयांच्या रांगेत सुट्टी घालवणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं.

पुराचं म्हणाल तर तो क्रूस संग्रहालयातच होता, सान्ता क्रोचेच्या. पाणी तिथेही पोचलं.

आठवड्याच्या रजेसाठी मी तरी म्हणेन : दोन मुक्काम, त्याहून जास्त नाही. फ्लोरेन्स आणि रोम, किंवा बोलोन्या आणि पादोवा. आसपासची गावं तिथून एका दिवसात होतात.

करवीरकर

नेपल्सबद्दल लिहाच, कारण मला वेगळीच उत्सुकता आहे. आमच्या कोल्हापुरात टाउन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला सापडली. सातवाहन काळात रोमन जगाशी जो व्यापार चालायचा त्यातून आलेली. शाळेच्या सहलीत बघितली तेव्हापासून डोक्यात आहे, की आपल्याकडून तिकडे काय गेलं असेल.

निळाई

करवीरकर, आपल्याकडून तिकडे गेलेलं असं काहीतरी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातच आहे! १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात, व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा या रस्त्यालगतच्या एका घरात, एक हस्तिदंती मूर्ती सापडली. साधारण वीतभर उंच. उभी स्त्री, अंगावर फक्त दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव रूढ झालं, पण आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. बहुधा छोट्या टेबलाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. वेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे त्याआधी ती भारतातून निघून तिथे पोचलेली होती. आणि तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. त्यामुळे ती मराठवाड्यातल्या कारागिराने कोरली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे. पायथ्याशी खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे म्हणून इतर काही जण वायव्येकडे बोट दाखवतात. मला तेरचा दावा खरा ठरला तर फार आनंद होईल.

नेपल्समध्ये अजून दोन जागा. सान्सेव्हेरो चॅपलमधलं सानमार्तिनोचं १७५३ सालचं शिल्प : मृत येशूवर अंथरलेलं झिरझिरीत वस्त्र, आणि येशू, वस्त्र सगळं एकाच संगमरवरातलं. कपाळावरची शीर कापडाखालून दिसते. आणि पियो मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया, जिथे काराव्हाज्जोची 'सात सत्कृत्यं' त्याच वेदीवर आहेत. ज्या दानशूर संस्थेने ते चित्र काढून घेतलं ती संस्था आजही चालू आहे.

पिझ्झ्याबद्दल : भट्टी इतकी तापलेली असते की पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो. कडा फुगलेली, काळे ठिपके पडलेली, मधला भाग ओलसर आणि मऊ. रोममधला पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत असतो. ज्यांना तो आवडतो त्यांना इथला पहिल्या घासाला कच्चा वाटतो. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मान्यता दिली.

बेळगावकर

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या घरातला. आजोबा इटलीच्या आघाडीवर होते. या धाग्यावर एक गोष्ट यायलाच हवी.

युद्धात उफ्फित्सीची चित्रं वाचवण्यासाठी फ्लोरेन्सबाहेरच्या वाड्यांमध्ये हलवली होती. त्यातला एक माँतेगुफोनीचा वाडा. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन फ्लोरेन्सकडे सरकत होती आणि त्या वाड्यात आमच्या मराठ्यांचा तळ पडला. आत भिंतींना टेकून ठेवलेल्या चित्रांत बोत्तिचेल्लीची 'प्रिमावेरा' होती. आज जिच्यासमोर उभं राहायला रांगा लागतात ती. तेव्हा तिच्यावर मराठी जवानांचा पहारा होता.

आणि उंब्रिया प्रांतात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माँतोने या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभारलं आहे. नामदेव जाधव यांनाही इटलीतच, सेनियो नदीवरच्या लढाईसाठी, १९४५ सालचा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रियात जाणाऱ्या मराठी माणसाने माँतोनेला जाऊन यावं अशी हात जोडून विनंती.

निळाई

काका, 'प्रिमावेरा'समोर मी कितीदा उभी राहिले आहे, आणि हे मला माहीत नव्हतं. सेनियो तर राव्हेन्नाच्याच बाजूची नदी. पेरुजाला मैत्रीण आहे, माँतोने तिथून जवळ आहे. परीक्षा झाल्या की जाते, आणि फोटो याच धाग्यावर टाकते. आजोबांच्या काही आठवणी, पत्रं असतील तर कृपया लिहा.

पो_खोरं

क्रेमोनाजवळ राहतो. वर चीजचा विषय निघाला म्हणून : या भागातल्या गोठ्यांमध्ये पंजाबहून आलेले शीख फार मोठ्या संख्येने काम करतात. पहाटेचं आणि संध्याकाळचं दूध काढणं बरंचसं त्यांच्या हातांवर चालतं. रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे. वरणफळ काकू, बोलोन्याच्या बाजूला असाल आणि साधं वरण-पोळीसारखं काही खावंसं वाटलं तर रविवारी लंगरला जा. कोणालाही मनापासून वाढतात.

मिलानला लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र बघायचं असेल तर तिकिटं विक्रीला आली की लगेच काढा. तिथेही पंधरा मिनिटंच मिळतात.

वरणफळ

गुरुद्वाऱ्याचं सांगितलंत, फार बरं वाटलं. निळाई, आता तूच सांग, एप्रिलचे दहा दिवस कसे बसवू? यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत.

निळाई

काकू, बोलोन्यात पाच रात्री, रोममध्ये पाच. बोलोन्यात रस्ताभर कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, पाऊस आला तरी काका निवांत चालतील. तिथून एक दिवस राव्हेन्ना, एक दिवस पादोवा. दोन्ही गावं सपाट आहेत. पादोवाला मी स्टेशनवर घ्यायला येते, चॅपल तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. फ्लोरेन्सला सान मार्कोत जिना चढावा लागतो, तेव्हा काकांना जमेल का बघून ठरवा. बोलोन्याहून वेगवान गाडी तासाच्या आत पोचवते.

रोममध्ये चर्चना सकाळी जा, कारण बरीचशी दुपारी बारा-साडेबारापासून साडेतीन-चारपर्यंत बंद असतात. खांदे झाकलेले हवेत. काराव्हाज्जोसाठी सुटी नाणी जवळ ठेवा. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, पण गर्दी फार, तुम्ही तो दिवस टाळा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रोममध्ये रस्तोरस्ती नळ आहेत आणि पाणी उत्तम आहे. कॉफी काउंटरशी उभ्याने घेतली तर सव्वा-दीड युरोत होते, टेबलाशी बसलं की दर वाढतो. बोलोन्याकडे बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो बसण्याचा आणि पावाचा ठरलेला आकार असतो, फसवणूक नाही.

स्क्रोवेन्यीचं तिकीट मात्र तारीख ठरली की त्याच दिवशी काढा. तुमची तारीख व्यनिने (खासगी निरोपाने) कळवा, मीही त्याच वेळेचं काढते.